शिवारातील विविधता : शास्त्र, श्रद्धा आणि ग्रामसभा

(दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरे तर आज मला कापसावर बोलण्यासाठी बोलावले आहे. कापसावर मी बोलणारच आहे, पण थोड्या लांबच्या वाटेने. त्याचे कारण असे की, सभा सुरू होण्यापूर्वी पारावर एका आजोबांशी माझे बोलणे झाले. त्यांच्या वडिलांच्या काळी रानात काय काय पिकत होते ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. खरिपात पिवळी ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, मटकी, हुलगा, तीळ, कारळ, अंबाडी, भुईमूग आणि गावरानी कापूस. रब्बीत शाळू, करडई, जवस, हरभरा आणि गहू. एकूण सतरा. मग त्यांनी शेजारी बसलेल्या नातवाला विचारले, "बाळा, औंदा आपल्या रानात काय काय हाय?" नातू म्हणाला, "कापूस, सोयाबीन आणि ऊस." सतरावरून तीनवर! आजोबा हसले, पण ते हसणे आनंदाचे नव्हते.

जुने सारे सोने आणि नवे सारे पितळ, असे मात्र मला म्हणायचे नाही. त्या सतरा पिकांच्या काळातही भूक होती. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील माणसांनी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ साली आला आणि त्यानंतर आलेल्या सुधारित वाणांनी आपल्या कणग्या भरल्या, हे विसरून चालणार नाही. परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ सालीच स्थापन झाले, तेही ही भूक डोळ्यांसमोर असतानाच. तेव्हा प्रश्न नवे की जुने असा नाही. आपल्या शिवारात किती प्रकारचे जीव नांदतात, आणि ते कमी झाले तर आपल्या खिशाला, आरोग्याला व मनाला काय किंमत मोजावी लागते, हा खरा प्रश्न आहे.

बोंडअळीने दिलेला धडा

आता कापसाकडे येऊ. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुके असलेला बीटी-२ आला. सुरुवातीची काही वर्षे हिरव्या बोंडअळीपासून मोठा दिलासा मिळाला, फवारण्या कमी झाल्या. त्यामुळे इतर पिके मागे पडली आणि बांधापासून बांधापर्यंत कापूस झाला. २०१७ च्या खरिपात काय झाले ते आपणास सांगायला नको. वरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत गुलाबी अळी आणि कवडी झालेली सरकी! महाराष्ट्रभर शेतकऱ्यांचे हातातोंडाशी आलेले पीक गेले.

असे का झाले? गुलाबी बोंडअळी मुख्यत्वे कापसावरच जगते. आपण फरदड घेऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा ठेवला, म्हणजे तिच्या जेवणाची पंगत उठूच दिली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे साध्या, म्हणजे बिगर बीटी सरकीचे पाकीट येत असे. ते शेताच्या कडेने लावायचे असते. पण "अळीला कशाला खाऊ घालायचे?" असे म्हणून बहुतेकांनी ते फेकून दिले.

त्या लहान पाकिटामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. हजारो अळ्यांत एखादी अशी असते की तिला बीटीचे विष बाधत नाही. सगळीकडे बीटीच असेल तर तेवढीच जगते. अशा वाचलेल्या दोघांचे मीलन झाले की पिढीच विष पचविणारी निघते. कडेला साधा कापूस असेल तर तेथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात, आणि त्या एखाद्या बळकट पतंगाला जोडीदार म्हणून साधाच पतंग भेटतो. त्यांची पिल्ले बहुधा विषाला बळी पडतात. म्हणजे काय, तर शत्रूमध्येसुद्धा विविधता टिकली तरच आपले शस्त्र टिकते! कडेला तूर लावली तर काम भागेल असे काहींना वाटते. तुरीचा उपयोग हिरव्या बोंडअळीसाठी होतो. गुलाबी अळी तूर खात नाही, हे लक्षात ठेवावे. अलीकडे साधे बियाणे बीटीच्याच पाकिटात मिसळून देतात, ते याच कारणासाठी.

तेव्हा डिसेंबरअखेर कापूस संपवावा, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवू नयेत आणि कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे. हलक्या जमिनीच्या तुकड्यावर देशी कापसाचाही विचार करावा. परभणीच्या विद्यापीठाने पीए २५५ (परभणी तुराब) व पीए ४०२ (विनायक) असे लांब धाग्याचे देशी वाण दिलेले आहेत. रसशोषक किडींना ते चांगले तोंड देतात.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता स्वतःची सांगतो. नोकरीला लागून मला तीन-चार वर्षे झाली होती. घरी वडिलांनी अर्धा एकर कांद्याचे बीजोत्पादन घेतले होते. पांढरे गोंडे ऐन फुलात होते आणि पातीवर फुलकिडे दिसत होते. मी सुट्टीवर गेलो होतो. शिकलेला मुलगा! पंप पाठीवर घेतला आणि सकाळी दहा वाजता, चांगले ऊन पडल्यावर, कडक औषधाची फवारणी केली. वडील म्हणाले, "आत्ता माशा बसल्यात रे, थोडं थांब." मी म्हणालो, "दादा, माशांचं काय एवढं?"

संध्याकाळी वाफ्यात मेलेल्या मधमाश्यांचा सडा पडला होता. पुढे काढणीला गोंडे दिसायला मोठे, पण हातावर चोळले तर भुसाच जास्त. बी नावालाच. कांद्याच्या फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारा कोणीतरी लागतोच, आणि ते काम मुख्यतः मधमाशी करते. हे मी परीक्षेत लिहिले होते, गुणही मिळविले होते. वडिलांनी ते कुठे वाचले नव्हते, पण त्यांनी ते पाहिले होते. त्या वर्षी बियाण्याच्या पैशावर बहिणीच्या लग्नाची देणी फिटायची होती. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी प्रत्येक सभेत सांगतो. पीक फुलात असताना शक्यतो फवारणी टाळावी. करावीच लागली तर माशा परतल्यानंतर, सायंकाळी करावी. बांधावर लिंब, बाभूळ, बोर, हिवर, करंज यांपैकी काही झाडे ठेवावीत. पीक फुलात नसते त्या दिवसांत मधमाशीला तेथेच आसरा मिळतो. बांध लख्ख साफ करणे ही स्वच्छता नव्हे. तेथे आपले बिनपगारी गडी राहतात. कोतवाल, साळुंकी, बगळा, गव्हाणी घुबड, सरडा, बेडूक आणि ढालकिडा हे त्यातले काही. हरभऱ्यात किंवा तुरीत पक्ष्यांना बसायला नुसते काठीचे थांबे लावले तरी कोतवाल व साळुंकी येऊन अळ्या टिपतात.

ताटातील पाहुणे

आता थोडे वेगळ्या विषयावर. हल्ली आपले कोण आणि बाहेरचे कोण, यावर फार चर्चा चालते. चहाच्या हॉटेलात चालते, निवडणुकीत तर फारच चालते. मी राजकारणातला माणूस नाही. पण घरी गेल्यावर आपण आपले ताट नीट पहावे. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेतील. ठेच्याची मिरची आणि त्यातला शेंगदाणा अमेरिका खंडातील. टोमॅटोही तिकडचाच. हरभरा पश्चिम आशियातून आला. सोयाबीन चीनचे. तूर मात्र अस्सल आपल्या भारताची. तिचे रानटी भावंड आजही बस्तर-ओडिशाकडच्या जंगलात आढळते. म्हणजे आपल्या गरिबाच्या ताटात तीन-चार खंड एका पंगतीला बसतात!

आणि सीताफळ? आपल्या धारूर-बालाघाटाच्या डोंगरांचे हे फळ मूळचे अमेरिका खंडातील मानले जाते. आपल्या आयाबायांनी त्याला सीतेचे नाव दिले आणि ते आपले झाले. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने दिलेल्या धारूर-६ या वाणाच्या नावातच आपला डोंगर आहे. डोंगरातील प्रत्येक झाड बियांपासून आलेले, म्हणून एकाचे फळ दुसऱ्यासारखे नसते. कुणाचा गर जास्त, कुणाच्या बिया कमी, कुणाचे फळ टिकाऊ. ही विविधता असते म्हणूनच निवड करता येते. सगळी झाडे सारखीच असती तर संशोधकाने निवडायचे तरी काय?

पण बाहेरून आलेले सगळेच चांगले, असेही नाही. गाजर गवत घ्या. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले. परदेशी गव्हाबरोबर आले असे मानले जाते, आणि लोकांनी त्याला काँग्रेस गवत असे नाव ठेवून दिले. आपल्याकडे गवतालाही राजकारण सुटत नाही! हे गवत जेथे शिरते तेथे दुसऱ्या कोणाला उगवू देत नाही. अंगाला खाज, नाकाला सर्दी, जनावरांनाही त्रास. शेवटी त्याच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकन भुंगेरे आणून सोडावे लागले. तेव्हा मला कसोटी एकच दिसते. कोण कोठून आले हे विचारू नये. जे आले ते इतरांना जगू देते की नाही, एवढे पहावे. सीताफळ जगू देते, काँग्रेस गवत देत नाही. ही कसोटी झाडांपुरती ठेवायची की पुढे न्यायची, ते आपण ठरवावे.

देवघरातील बियाणे

मी शास्त्राचा विद्यार्थी आहे, पण आपल्या सणावारांकडे पाहिले की मला आपल्या आजीबाईंचे कौतुक वाटते. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. भोगीच्या भाजीत हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, तीळ आणि जे जे रानात असेल ते सारे पडते. वेळअमावस्येला रानात जाऊन भज्जी, आंबील आणि भाकरीचा नैवेद्य दाखविण्याची चाल आपल्या भागात व शेजारच्या लातूर-धाराशिवकडे आहे. त्या भज्जीत किती डाळी आणि किती पाले! ज्या घरात सोळा भाज्या लागतात, त्या घराला परसात सोळांचे बी राखावे लागत असे. देवीच्या निमित्ताने बियाणे टिकत होते. आता आपण सोळाही भाज्या बाजारातून आणतो. देवीला ते चालत असेल, पण बियाणे मात्र संपले.

घटस्थापनेचे घ्या. पत्रावळीवर काळी माती, त्यात सात धान्ये, नऊ दिवस पाणी. ही भक्ती तर आहेच, पण रब्बीच्या तोंडावर घरातील बियाणे उगवते की नाही हेही त्यात दिसून येते. आम्ही शेतकऱ्यांना हेच सांगतो, फक्त गोणपाट वापरून सांगतो. सोयाबीनचे घरचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत, पाणी शिंपडत रहावे आणि आठवडाभरात उगवलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक निघाले तर बियाणे चांगले. कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणे जास्त वापरावे, आणि फारच कमी निघाले तर ते पेरूच नये. सोयाबीनचे सरळ वाणाचे बियाणे दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. दरवर्षी पिशवी विकत घ्यावीच लागते असे नाही.

आपल्याकडे "उंबर फोडून केंबरे काढू नयेत" असे म्हणतात. पण शास्त्राचे काम नेमके उंबर फोडून केंबरे पाहण्याचेच आहे. ते पाहिले तेव्हा समजले की ही केंबरे म्हणजे घाण नव्हे. उंबराच्या आत त्याची फुले असतात, आणि एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागीकरण करते. वड, पिंपळ, उंबर यांच्या अशा आपापल्या माशा असतात. माशी नाही तर उंबराला बी नाही, आणि उंबर नाही तर माशीला घर नाही. औदुंबराखाली दत्तगुरूंचा वास आहे, या श्रद्धेने कुऱ्हाड थांबली. त्याच्या पोटात काय चालते हे शास्त्राने सांगितले. दोघांचे भांडण कोठे आहे? मला तरी दिसत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र दुर्मिळ झालेल्या वनस्पती देवाच्या नावाने राखलेल्या रानात टिकून असल्याचे त्यांनी दाखविले.

मात्र जेथे भांडण आहे तेथे स्पष्ट बोलले पाहिजे. धामण म्हशीचे दूध पिते, ही समजूत खोटी आहे. सापाच्या तोंडाची रचना सड चोखण्याजोगी नसते. धामण बिनविषारी आहे आणि तिचे मुख्य खाणे उंदीर. घुबड ओरडले तर घरातले माणूस जाते, हेही खोटे. एका तोंडाने घुबडाला लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने त्याला दगड मारायचा, हे बरे नव्हे. आपल्या ज्वारीच्या राशीवर रात्री पहारा तोच देतो.

गिधाडे कोठे गेली?

येथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी गिधाडे पाहिली असतील. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की आकाशात घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात सांगाडा उरत असे. आज शाळेतल्या मुलांना गिधाड म्हणजे फक्त रामायणातील जटायू. १९९० च्या दशकापासून पुढे पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी त्यांची शिकार केली नव्हती. कोणी विष घातले नव्हते. रोग आला असावा, असेच पुष्कळांना वाटत होते.

२००४ साली कारण उघड झाले. जनावरांच्या सुजेवर व तापावर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध! उपचार केलेले जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर त्याचे मूत्रपिंड बंद पडते. म्हणजे आपण मायेपोटी बैलाला सुई दिली आणि त्या सुईने आभाळ रिकामे झाले. सडलेल्या ढोरांवर मोकाट कुत्री वाढली आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याची भीतीही वाढली. मुंबईच्या पारशी समाजावर तर मोठे धर्मसंकट आले, कारण त्यांच्या अंत्यविधीत शतकानुशतके गिधाडांचाच वाटा होता. एका औषधाने एका धर्माचा शेवटचा संस्कार अडचणीत आणला!

पुढचे काम राजकारणाने, म्हणजे सरकारने केले. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झाले. २०२३ साली किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे. आपण आपल्या जनावरांच्या डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारावे, "डॉक्टरसाहेब, सुजेवर मेलोक्सिकॅम चालेल का?" माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक आणून गोठ्यात वापरू नये. शास्त्राने कारण शोधले, कायद्याने बंदी घातली. गोठ्यातला निर्णय मात्र आपल्याच हाती आहे.

"साहेब, घोणस कशाला पाहिजे?"

मघाशी मी साप मारू नका म्हणालो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "साहेब, धामण ठीक आहे, पण घोणस कशाला पाहिजे?" त्याच्या चेहऱ्यावरून मला समजले की हा प्रश्न पुस्तकातला नाही. कोणाच्या तरी घरी काहीतरी घडले आहे. म्हणून मी थट्टेवारी उत्तर देणार नाही.

बाळ, पहिली गोष्ट, घोणस घरात किंवा खळ्यात ठेवावी असे कोणी म्हणत नाही. अंधारात चालताना बॅटरी आणि पायात बूट हवेत. कडब्याच्या गंजीत हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. साप चावलाच तर मांत्रिकाकडे किंवा देवळात वेळ घालवू नये. जखम कापू नये, घट्ट आवळू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता तडक सरकारी दवाखाना गाठावा. सापाच्या विषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषापासून तयार होते. थोडे थोडे विष घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून औषध काढतात. म्हणजे घोणसच्या दंशावर इलाज घोणसच्याच विषातून येतो. ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून रक्तदाबाचे कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. ज्यांनी ते विष प्रथम तपासले त्यांना हे ठाऊक नव्हते.

पण समजा, घोणसचा काहीच उपयोग नसता तर? तरी मी म्हणेन, सगळे जग आपल्या उपयोगासाठी निर्माण झाले असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. कीर्तनात आपण ऐकतो की सर्वांभूती एकच परमेश्वर आहे. जीवशास्त्र वेगळ्या भाषेत सांगते की सगळे सजीव एकाच कुळातून आलेले आहेत. दोन्हींचे मुक्काम वेगळे असतील, पण वाटेवर काही पावले ते बरोबर चालतात. त्या पावलांपुरते तरी आपण दोघांचे ऐकावे.

ग्रामसभेत हा विषय आणा

आता शेवटचे, राजकारणाचे. निवडणुकीत दोन पॅनल असतात आणि त्यात वाईट काही नाही. मतेही विविध असावीत. एकाच मताचे गाव हे एकाच पिकाच्या शिवारासारखे, रोग आला की सगळेच जाते. पण काही विषय दोन्ही पॅनलचे असले पाहिजेत. शिवार हा तसा विषय आहे.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि गावातील लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. या नोंदवहीची कल्पना रुजविण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. कोणीतरी बाहेरून येऊन दोन दिवसांत भरून गेलेले असते. मघाशी एका मावशींनी मला पाथरी, घोळ, तांदुळजा, कुंजीर आणि केना या रानभाज्यांचा ऋतू, चव आणि कोणाला कोणती सोसत नाही, हे सगळे एका दमात सांगितले. मी विचारले, "मावशी, हे लिहून ठेवलंय का कुणी?" त्या म्हणाल्या, "आमाला कोन विचारतंय?" बंधूंनो, ही वही मावशींना विचारूनच भरली पाहिजे. शाळेतल्या मुलांनी लिहावे, आजी-आजोबांनी सांगावे. लाल कंधारी, देवणी, उस्मानाबादी शेळी, हुरड्याच्या ज्वारीचे प्रकार, ओढ्यातील मासे, सिंदफणेवर आणि माजलगावच्या धरणावर थंडीत येणारे पाहुणे पक्षी या सर्वांची नोंद व्हावी.

दुसरा कायदा २००१ चा, वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. त्यानुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे; फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाच्या पिशवीतून विकता येत नाही. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंदणीही होऊ शकते. तेव्हा कोणाच्या बळदात जुने बियाणे शिल्लक असेल तर ते लाख मोलाचे समजावे.

बंधू-भगिनींनो, सतरा पिके परत आणा असे मी म्हणत नाही. बाजार, मजूर आणि पाणी यांचा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी फक्त पुढील पाच गोष्टी मागतो.

१) एक एकरातील दोन गुंठे तरी घरच्या खाण्याच्या कडधान्यांना व भाज्यांना द्यावेत आणि त्यांचे बी राखावे.

२) कापसात व सोयाबीनमध्ये तुरीचे पाटे ठेवावेत. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचा पट्टा घ्यावा, म्हणजे काट्यामुळे जनावरेही आत शिरत नाहीत.

३) बांधावरील जुने झाड तोडण्यापूर्वी वर्षभर थांबावे आणि त्यावर कोण कोण येते ते पहावे.

४) फुलात फवारणी टाळावी.

५) येत्या ग्रामसभेत जैवविविधता नोंदवही मागावी, ती मोठ्याने वाचून घ्यावी आणि जे राहिले असेल ते लिहून घ्यावे.

निघताना पारावरच्या आजोबांनी मला एक पुरचुंडी दिली. सोडून पाहिले तर राखेत घोळलेले मूठभर हुलगे. म्हणाले, "घरात यवढंच राहिलंय. तुमच्या इद्यापीठात ठिवा." मी त्यातील अर्धे घेतले आणि अर्धे त्यांच्या नातवाच्या हातावर ठेवले. विद्यापीठाच्या शीतगृहात बियाणे जिवंत राहते, पण ते वाढते शिवारातच. त्या मुलाने पुढच्या पावसाळ्यात बांधाकडेला एक तास हुलगा पेरला, आणि पुढच्या वेळी मी आलो तेव्हा पुरचुंडी परत भरलेली दिसली, तर आजची सभा कारणी लागली असे मी समजेन.